रामोन आयाला : साठ वर्षं दुसरा आवाज

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी काही वर्षं पियानो अ‍ॅकॉर्डियन शिकतोय. इंटरनेटवर रामोन आयाला या मेक्सिकन गायक-वादकाची गाणी सापडली आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकवत नाही. हे एवढे मोठे कसे झाले? आणि त्यांचे पीस मी जसेच्या तसे बसवले तरी माझ्या वाद्यावर ते त्यांच्यासारखे का लागत नाहीत?"

मी पुण्यात ऑर्केस्ट्रामध्ये पियानो अ‍ॅकॉर्डियन वाजवत वाढलो. आता बरीच वर्षं टेक्सासात ह्यूस्टनला आहे. इथे बटणांचे अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करतो, त्यांचे सूर लावतो आणि नोर्तेन्यो (मेक्सिकोच्या उत्तर भागातलं आणि टेक्सास सीमेवरचं संगीत) वाजवणाऱ्या मंडळींबरोबर शनिवार-रविवारी वाजवतो. त्यामुळे हे उत्तर वादकाच्या बाजूने देतो. चाहत्यांनी लिहिलेलं तुम्हाला कुठेही मिळेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट. तुम्ही त्यांना 'गायक' म्हणालात. सगळेच म्हणतात आणि ते खरंही आहे. पण गाणी नीट ऐका. वरचा, ठळक, शब्द पुढे नेणारा आवाज बहुतेक वेळा रामोन आयालांचा नसतोच. तो त्या-त्या काळातल्या त्यांच्या जोडीदाराचा असतो. आयाला गातात ती 'सेगुंदा', म्हणजे मुख्य चालीला चिकटून चालणारा दुसरा आवाज. गाणं दोघं मिळून गातात, पण चाल पहिल्याच्या हातात असते. साठ वर्षांत हा पहिला आवाज अनेकदा बदलला, तरी कुठलीही रेकॉर्ड लावा, दोन-तीन सेकंदांत कळतं की हे आयाला आहेत. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर हे कोडं सोडवायला हवं : पुढे गाणारा माणूस बदलत राहतो, मग लोक नेमकं कुणाला ऐकायला येतात?

आता थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सास आणि मेक्सिकोचा उत्तर भाग इथे जर्मन, चेक, पोलिश लोक येऊन राहिले. त्यांच्याबरोबर पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे नाच आले आणि बटणांचा छोटा अ‍ॅकॉर्डियनही आला. स्वस्त, टिकाऊ, आवाजाला मोठा. एकटा माणूस अख्खं लग्न वाजवून काढू शकेल असं वाद्य. स्थानिक मेक्सिकन वादकांनी ते उचललं आणि त्याला बाहो सेक्स्तोची जोड दिली. बाहो सेक्स्तो म्हणजे जाड आवाजाचं, सहा जोड्यांत बारा तारा असलेलं गिटारच्या जातीचं वाद्य. 1936 साली नार्सिसो मार्तिनेस या वादकाने सान्तियागो आल्मेइदा या बाहो सेक्स्तोवाल्याबरोबर रेकॉर्ड काढल्या आणि एक मोठा बदल करून दाखवला : डाव्या हाताची बेसची बटणं वाजवणं त्याने जवळजवळ सोडूनच दिलं. बेस आणि ठेका आल्मेइदाकडे, आणि स्वतः उजव्या हाताने मोकळेपणाने चाल खेळवायची. आजही नोर्तेन्यो वादक डाव्या हाताने फक्त भाता चालवतो. कित्येक जण बेसच्या पत्त्या (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या जिभा) काढूनच टाकतात, वाद्य हलकं होतं म्हणून. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वाद्यांमध्ये डावी बाजू रिकामी असणं ही नवलाची गोष्ट नाही.

मार्तिनेस वाजवायचे, गायचे मात्र नाहीत. गाणं आणि अ‍ॅकॉर्डियन यांची जी जोडी आज आपण ऐकतो तिला घडवण्यात लोस आलेग्रेस दे तेरान या दोघांच्या जोडीचा मोठा वाटा आहे. एउखेनिओ आब्रेगो अ‍ॅकॉर्डियनवर आणि तोमास ओर्तिस बाहो सेक्स्तोवर. दोघं एकत्र गात, दोन आवाजांत, नाकातून निघालेल्यासारखा सरळ स्वर. चाळीसच्या दशकाच्या शेवटी नुएव्हो लेऑन राज्यातून निघालेली ही जोडी सीमेच्या दोन्ही बाजूंना ऐकली जाऊ लागली. रामोन आयाला ज्या मुशीत घडले ती मूस ही.

रामोन यांचा जन्म 8 डिसेंबर 1945 चा, मॉन्तेरे शहरातला. खरं आडनाव कोवार्रुबियास. आयाला हे मंचावरचं. वडील वादक होते, त्यामुळे हाताला अ‍ॅकॉर्डियन फार लवकर लागला, पाच-सहा वर्षांच्या वयातच. घरची परिस्थिती बेताची. कुटुंब सीमेकडे सरकलं आणि मुलगा रेनोसात पोचला. रेनोसा म्हणजे रिओ ब्राव्हो (टेक्सासकडे तिलाच रिओ ग्रांदे म्हणतात) नदीच्या काठावरचं तामाउलिपास राज्यातलं शहर. पलीकडच्या तीराला टेक्सास. तिथल्या एका कॅन्टिनात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बूटपॉलिश करणारा हा पोरगा वादकांना म्हणाला, मलाही वाजवता येतं, आणि त्याला तिथे भेटला कोर्नेलिओ रेयना, अशी हकीकत सांगितली जाते. तपशील प्रत्येक जण थोडे वेगळे सांगतो. पण कॅन्टिनाच्या टेबलांमधून फिरत, गाण्यागणिक पैसे घेऊन वाजवण्याची शाळा खरी आहे, आणि ती तुम्ही त्यांच्या वाजवण्यात ऐकू शकता. टेबलावरचं गिऱ्हाईक आपसात बोलत असतं. पहिल्या चार मात्रांत त्याचं लक्ष वेधलं नाही तर पैसे बुडाले. आयालांच्या गाण्यांची सुरुवात इतकी टोकदार का असते याचं माझ्या मते अर्धं उत्तर या टेबलांमध्ये आहे.

कोर्नेलिओ रेयना वयाने पाचेक वर्षांनी मोठा. बाहो सेक्स्तो वाजवायचा, पहिला आवाज गायचा आणि गाणी लिहायचा. 1963 च्या सुमारास दोघांनी 'लोस रेलाम्पागोस देल नोर्ते' हे नाव घेतलं. उत्तरेच्या विजा. रामोन अठराचाही झाला नव्हता.

त्यांना नदीपलीकडे नेलं पाउलिनो बेर्नाल यांनी, आणि हा योगायोग मला फार आवडतो. बेर्नाल स्वतः टेक्सासमधल्या अत्यंत तयारीच्या वाद्यवृंदाचे अ‍ॅकॉर्डियनवादक. क्रोमॅटिक अ‍ॅकॉर्डियन (सगळे बारा सूर देणारा), तीन आवाजांची हार्मनी, जॅझच्या जवळ जाणारे कॉर्ड, सगळं घासूनपुसून. त्या काळी टेक्सासमधले कलावंत या वाद्याला 'सभ्य' करण्याच्या मागे होते. आणि अशा माणसाने रेनोसातले हे दोन कच्चे पोरगे ऐकले, मॅकॲलन गावातल्या आपल्या बेगो कंपनीसाठी त्यांचं रेकॉर्डिंग केलं. साठच्या दशकाच्या मध्यावर 'या नो योरेस' हे गाणं गाजलं आणि पोरं सुटली. पुढे बेर्नाल धार्मिक संगीताकडे वळले ती वेगळी कथा, पण त्यांच्या कानाला दाद द्यायला हवी : स्वतः ज्या दिशेने चालले होते त्याच्या अगदी उलट दिशेचं संगीत त्यांनी निवडलं.

विजांनी नवीन असं काय केलं? खरं तर फारसं काही नाही, आणि हेच त्यांचं बळ. त्यांनी आलेग्रेस दे तेरानची दोन आवाजांची पद्धत तशीच ठेवली; मागे इलेक्ट्रिक बेस आणि ड्रम घेतले; आणि प्रेमभंगाची, दारूची, सोडून गेलेल्या बाईची गाणी तरुणांच्या आवाजात गायली. कोर्नेलिओचा आवाज रडवेला, किंचित फाटणारा. त्याखाली रामोनचा शांत, सपाट दुसरा आवाज. आणि ओळ संपली की अ‍ॅकॉर्डियनचा तुकडा, ज्यात पुन्हा तीच कळ. तो काळही बघा. मेक्सिकन मजुरांना करारावर अमेरिकेत नेणारा ब्रासेरो कार्यक्रम 1942 ते 1964 चालला. तो संपला तरी माणसं जात राहिलीच. कापूस, कांदे, फळबागा यांच्या हंगामामागे फिरणाऱ्या कुटुंबांना शनिवारी रात्री नाचायला जागा लागे, रेडिओवर आपल्या गावचा आवाज लागे. सीमेवरची रेडिओ केंद्रं आणि टेक्सासमधले डान्स हॉल या दोन चाकांवर रेलाम्पागोस चालले. मेक्सिको सिटीतल्या बड्या कंपन्यांनी त्यांना घडवलं नाही. त्या तिकडे मारियाचीत, म्हणजे व्हायोलिन-ट्रम्पेटच्या वाद्यवृंदांत, रमल्या होत्या.

आणि नेमकं तिकडेच कोर्नेलिओ गेला. 1971 मध्ये जोडी फुटली. त्याला मारियाचीसोबत एकट्याने गायचं होतं, सिनेमात जायचं होतं. तो यशस्वीही झाला. 'मे काई दे ला नुबे' हे त्याचं स्वतः लिहिलेलं गाणं मेक्सिकोत आजही सगळ्यांना पाठ आहे. भांडण वगैरे रंगवून सांगणारे भेटतात, पण दोघं नव्वदच्या दशकात पुन्हा एकत्र गायले, आणि 1997 च्या जानेवारीत कोर्नेलिओ गेला.

पण 1971 चा विचार करा. गाणारा गेला, लिहिणारा गेला, बाहो सेक्स्तो गेला. हाती उरलं काय? अ‍ॅकॉर्डियन आणि दुसरा आवाज. आपल्याकडे अशा वेळी साथीदार दुसऱ्या गायकाच्या मागे जाऊन बसला असता. आयालांनी उलट केलं : त्याच वर्षी स्वतःच्या नावाने बँड काढला, 'रामोन आयाला इ सुस ब्राव्होस देल नोर्ते', आणि पहिला आवाज नोकरीवर ठेवला. हे मी मुद्दाम रोखठोक शब्दांत सांगतोय, कारण सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथे आहे. नाव वादकाचं, मालकी वादकाची, गायक बदलता येणारा. सुरुवातीला अंतोनियो साउसेदा होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एलिसेओ रोब्लेस आले आणि दहा-बारा वर्षं टिकले. बहुतेकांच्या मते, माझ्याही मते, ब्राव्होसचा सोन्याचा काळ तोच. 'त्रागोस आमार्गोस', 'उन रिंकोन्सितो एन एल सिएलो' ही तुम्हाला सापडलेली गाणी त्याच काळातली आहेत आणि त्यांतला पुढचा आवाज एलिसेओंचा. एलिसेओ बाहेर पडून स्वतःचा बँड घेऊन फिरू लागले. मोठा गायक, लोक त्यांनाही ऐकायला जातात. पण ब्राव्होस थांबले नाहीत. पुढचा गायक आला.

हे शक्य झालं कारण ओळख पटवणारी खूण गळ्यात नव्हती. रेडिओवर गाणं सुरू होतं तेव्हा आधी अ‍ॅकॉर्डियन वाजतो. डान्स हॉलमध्ये जोड्या जागेवरून उठतात त्या इंट्रो ऐकून. शब्द येईपर्यंत त्या नाचायलाही लागलेल्या असतात. इंट्रोनंतर गायक गातो तेव्हा दुसरा आवाज त्याला अशा अंतरावर धरून ठेवतो की नवा गायकही जुन्या साच्यात बसतो. लोकांना वाटतं आपण गायक ऐकतोय. प्रत्यक्षात त्यांच्या कानाला सवय लागलेली असते ती दोन आवाजांमधल्या अंतराची, आणि ते अंतर राखणारा माणूस तोच राहिलेला असतो.

ब्राव्होसचं घर बनलं टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीची फ्रेडी रेकॉर्ड्स ही कंपनी. फ्रेडी मार्तिनेस या गायकाने काढलेली, स्थानिक, घरगुती. आयालांसारखा माणूस मोठ्या कंपनीत का गेला नाही असं लोक विचारतात. मला वाटतं त्याला कारण नव्हतं. छोट्या कंपनीत वर्षाला हवे तेवढे अल्बम काढता येत, आणि त्यांनी ते काढले. एकूण आकडा शंभराच्या वर आहे. एवढ्या उत्पादनात पाणी घातलेला माल असणारच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटचे काही अल्बम मी एकदा ऐकले आणि बाजूला ठेवले : तेच कॉर्ड, तोच वेग, गाण्यांचीच चणचण. पण जो माणूस खऱ्या अर्थाने दौऱ्यांवर जगतो त्याला रेकॉर्ड म्हणजे पुढच्या हंगामाची जाहिरात. ग्रॅमी आणि लॅटिन ग्रॅमी त्यांना उशिरा, नव्या शतकात मिळाले, तोवर 'एल रेय देल आकोर्देऑन', अ‍ॅकॉर्डियनचा राजा, ही पदवी लोकांनी कधीच देऊन टाकली होती.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझा जीव खरं तर यातच रमतो.

तुमच्या हातात पियानो अ‍ॅकॉर्डियन आहे. आपल्याकडे तोच रूढ आहे. पुण्याचे इनॉक डॅनियल्स, मुंबईचे गुडी सिरवाई यांच्यामुळे आपला कान त्याच आवाजावर पोसला गेला. त्यात पट्टी दाबली की भाता कुठल्याही दिशेने जावो, सूर तोच. हार्मोनियमवाल्याला यात काही खटकत नाही. आयालांचं वाद्य तीन ओळींचं डायटॉनिक आहे, साधारण एकतीस बटणांचं, आणि त्यात एकाच बटणावर भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा.

समजा वाद्य 'सोल'चं आहे. म्हणजे बाहेरची ओळ पांढरी पाचची, मधली पांढरी एकची, आतली पांढरी चारची. पांढरी एकला सा धरा. मधल्या ओळीवर भाता दाबला की बटणांवर सा, ग, प हेच सूर फिरून फिरून येतात. ओढला की रे, म, ध, नी. आतल्या ओळीवर दाबताना म, ध, वरचा सा. ओढताना प, कोमल नी, रे, ग. बाहेरच्या ओळीवर दाबताना प, नी, रे. ओढताना ध, सा, ग आणि तीव्र म. एकदा कागदावर मांडून बघा, सगळं उलगडेल. शेजारशेजारची दोन बटणं एकत्र दाबली तर आपोआप एकाआड एक सुरांची जोडी मिळते. दाबून सा-ग, ओढून रे-म, पुन्हा दाबून ग-प, ओढून म-ध. म्हणजे अख्खी चाल जोडसुरांत वाजवायला वादकाला वेगळा विचार करावा लागत नाही, बोटं पुढे सरकतात आणि भाता दिशा बदलतो. प-नी ही जोडी मात्र मधल्या ओळीवर मिळणार नाही, कारण प दाबताना आहे आणि नी ओढताना. तिथे बोटं बाहेरच्या ओळीवर उडी मारतात. या उड्या ज्याला झोपेतही जमतात तो नोर्तेन्यो वादक.

याचे परिणाम तुमच्या कानाला जाणवतात, फक्त कारण माहीत नव्हतं. पहिला परिणाम म्हणजे चावा. बहुतेक सुरांवर भात्याची दिशा बदलते, त्यामुळे प्रत्येक सूर नव्या श्वासाने सुरू होतो. आपण पियानो अ‍ॅकॉर्डियनवर एका लांब भात्यात आठ-दहा सूर गुंफतो. तो मखमली आवाज इथे लागूच होत नाही. दुसरा परिणाम जोडसुरांचा. दोन गळे ज्या अंतरावर गातात, तेच अंतर अ‍ॅकॉर्डियनमध्ये रचनेनेच बसवलेलं आहे. म्हणून गाणं संपून अ‍ॅकॉर्डियनचा तुकडा सुरू होतो तेव्हा सांधा दिसत नाही. दोन माणसं गात होती, आता तीच दोन माणसं पत्तीतून गातायत असं वाटतं. आयालांचा दुसरा आवाज आणि त्यांची बोटं हे दोन वेगळे कसब नाहीत, असं मला दिवसेंदिवस जास्त पटत चाललंय. तिसरा परिणाम पट्टीचा. गायकाची पट्टी बदलली की वाद्य बदलावं लागतं. म्हणून मंचावर मागे दोन-तीन अ‍ॅकॉर्डियन रांगेत ठेवलेले दिसतात : सोल, फा (पांढरी चार, काळी पाच, काळी दोन), मी (पांढरी तीन, सहा, दोन). ती शोभा नाही. अर्थात, चमचमत्या खड्यांनी मढवलेली वाद्यं बघितली की थोडी शोभाही आहे, हे मान्य.

सुरांची लावणी हाही एक भाग. एकाच सुरासाठी दोन पत्त्या वाजतात आणि त्यांतली एक किंचित चढी लावलेली असते, त्यामुळे आवाजाला थरथर येते. किती चढी ठेवायची यावर वादकांची भांडणं होतात. टेक्सासमधले जुने वादक जास्त थरथर मागतात, मॉन्तेरेकडचे तरुण कोरडा आवाज मागतात, असा माझ्या टेबलावरचा अनुभव. आपल्याकडे बरेच पियानो अ‍ॅकॉर्डियन वर्षानुवर्षं पावसाळी हवेत राहून, पत्त्यांवर गंज चढून, आपोआपच थरथरतात. ती थरथर वेगळी. तिच्यावर उपाय म्हणजे पत्त्या साफ करणं.

आयालांची म्हणून ओळखता येणारी खोड कोणती? ते गाण्याच्या खाली फारसं वाजवत नाहीत. आपल्याकडे मेलडी वाजवत साथ करण्याची सवय आहे; पेटीवाला गायकाच्या सावलीसारखा चालतो. इथे ओळ सुरू झाली की अ‍ॅकॉर्डियन जवळजवळ गप्प, बाहो सेक्स्तो आणि बेस ठेका धरतात, आणि ओळ संपताच अर्ध्या-एका मापाची जागा भरणारा तुकडा येतो. त्याला इथे 'आदोर्नो' म्हणतात. पुष्कळ वादक या जागेत आपली सगळी तयारी ओततात. आयाला तिथे चाल संपलेल्या सुरावरून पुढच्या ओळीच्या सुरापर्यंत घेऊन जाणारी एक साधी पायवाट आखतात, मध्ये एखादी झटक्याची तिहेरी मुरकी, बस. वेगात आजचे विशीतले वादक त्यांना सहज मागे टाकतील. पण त्यांचे इंट्रो गुणगुणता येतात. मी शिकायला येणाऱ्यांना एवढंच सांगतो : जो पीस तोंडाने म्हणता येत नाही तो आयालांचा नाही.

कारकिर्दीतला एक अडचणीचा भागही सांगायला हवा. डिसेंबर 2009 मध्ये मोरेलोस राज्यातल्या तेपोस्त्लान इथे एका पार्टीवर मेक्सिकन नौदलाने छापा घातला. ही पार्टी बेल्त्रान लेय्वा या अमली पदार्थांच्या टोळीशी संबंधित होती, आणि तिथे वाजवायला गेलेल्यांत आयाला होते. त्यांना ताब्यात घेतलं, चौकशी झाली, पुढे सुटका झाली. पार्टी कुणाची हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. यावर निकाल देणं माझं काम नाही. एवढंच सांगतो की उत्तर मेक्सिकोत खासगी कार्यक्रमाचं बोलावणं आलं की ते कुणाचं आहे हे विचारणं जितकं धोक्याचं, तितकंच न विचारणंही; हा प्रश्न त्या भागातल्या लहान-मोठ्या सगळ्याच वादकांच्या डोक्यावर आहे. आणि कोरिदो, म्हणजे घडलेल्या गोष्टींवरची कथागीतं, या परंपरेत तस्करांवरची गाणी आधीपासून आहेत. आयालांनीही ती गायली आहेत. हे झाकून त्यांचं फक्त 'प्रेमगीतांचा राजा' असं चित्र रंगवणं मला पटत नाही.

दुसऱ्या बाजूला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात त्यांचं नाव डिसेंबरमध्येच वेगळ्या कारणाने निघतं. टेक्सासच्या हिदाल्गो गावात ते दरवर्षी नाताळाआधीची पोसादा घालायचे. खुला कार्यक्रम, गाणी, मुलांना खेळणी. हिदाल्गो म्हणजे पुलापलीकडचं रेनोसाच. ज्या शहरात बूटपॉलिश केलं त्याच्या समोरच्या काठावर घर केलं. 2023 मध्ये त्यांनी निरोपाचा दौरा सुरू केला. त्याचं नावच 'शेवटाची सुरुवात' अशा अर्थाचं. इथल्या वादकांत त्यावर थट्टा चालते, की आता ही सुरुवात आणखी किती वर्षं पुरणार.

तुम्ही काय करावं? आधी ऐकण्याचा क्रम. रेलाम्पागोसची साठच्या दशकातली रेकॉर्डिंग घ्या आणि फक्त खालचा आवाज पकडून त्याच्याबरोबर गा. वरचा सोडा. हे सोपं नाही; कान सारखा वर जातो. मग एलिसेओंच्या काळातलं एखादं गाणं घेऊन तेच करा. दोन्हीकडे खालचा माणूस एकच आहे हे गळ्याला कळलं की अ‍ॅकॉर्डियनकडे वळा.

पियानो अ‍ॅकॉर्डियनवर वाजवायचं तर डावा हात पूर्ण बंद. मास्टर रजिस्टर (सगळ्या पत्त्या एकत्र वाजवणारं बटण) नको. मधल्या दोन पत्त्यांचं, हलक्या थरथरीचं रजिस्टर लावा, ज्यावर बहुधा 'व्हायोलिन' असं लिहिलेलं असतं. चाल एकाआड एक सुरांच्या जोडीत बसवा. सूर तोडून वाजवा, आणि जिथे मूळ वादकाचा भाता उलटला असेल तिथे तुम्हीही उलटवा, गरज नसली तरी. मी वर मांडलेल्या तक्त्यावरून ती जागा काढता येते : सा, ग, प वर दाबा, रे, म, ध, नी वर ओढा. पहिले आठवडे हे विचित्र वाटेल, हवा भलत्या वेळी संपेल, आणि त्या हवेच्या अडचणीतूनच तो चावा तयार होतो. संपूर्ण बरोबरी होणार नाही. पण सत्तर टक्के अंतर कापलं जाईल, आणि ऑर्केस्ट्रात कुणी नोर्तेन्योचा तुकडा मागितला तर तुमचा तुकडा ओळखू येईल.

डायटॉनिक वाद्य घ्यायचंच ठरलं तर सोलचं, तीन ओळींचं, एकतीस बटणांचं घ्या. भारतात जुन्या बाजारात जी बटणांची वाद्यं येतात त्यांतली काही क्रोमॅटिक असतात. दिसायला सारखी, पण त्यात दाबताना-ओढताना सूर बदलत नाही. दुकानात एक बटण धरून भाता दोन्ही दिशांना हलवून बघा. सूर तोच राहिला तर ते वाद्य या कामाचं नाही. जर्मन होनर कंपनीचं कोरोना हे मॉडेल जुनं मिळालं तर उत्तम, मात्र घेण्याआधी भात्याचे कोपरे बोटांनी चाचपा आणि एकही बटण न दाबता भाता ओढून बघा. हवा जात असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून आधीच वळता करून घ्या.